परतीची तारीख

डचांनी कोकणावर दोनशे वर्षं राज्य केलं, अशा एका निराळ्या इतिहासातली ही गोष्ट. माडबंदरात त्यांचा कायदा कडक होता: परवान्याशिवाय होडी हलवायची नाही. हिराजी तांडेलाची आई पोशीबाई बिनपरवाना खाडीपल्याड खडकांवरची कालवं, म्हणजे शिंपल्या, काढायला गेली, म्हणून कोठडीत होती.

एके सकाळी शिपाई पळाले आणि राज्य कोसळलं. गव्हर्नर स्वतःच पेटी उचलून धक्क्यावर हिराजीच्या होडीपाशी आला.

"मला जहाजावर पोचव."

"परवाना?" हिराजीने विचारलं.

गव्हर्नरने खिशातला कागद काढून त्यावर सही ठोकली. हिराजीने तो परत केला.

"साहेब, तुमचं राज्य असेल तर पळता कशाला? आणि नसेल, तर ही सही काय कामाची?"

गव्हर्नर गोंधळला. "मग सही करणार कोण?"

"आता ज्यांचं राज्य येतंय, ते. तुमच्याच कोठडीत आहेत."

गव्हर्नरने किल्ली काढून दिली. पोशीबाई आली, त्याच्याच पेटीवर बसली आणि परवान्याच्या कचेरीत तिला दरवेळी विचारायचे तेच तिने विचारलं.

"परत कधी येणार?"

"कधीच नाही."

मग तिने कालवांनी चिरलेला अंगठा शाईत बुडवला.