दाराजवळचं पान

सोळा सोमवारांच्या उद्यापनाला मी महादेवापुढे आणखी एक नेम बोलले होते: माझ्या घरच्या पंगतीत एक पान दाराजवळ मांडीन. त्यामागची ही गोष्ट.

एकदा एक वृद्ध आचार्य शिष्यासह एका व्यापाऱ्याकडे भोजनास गेले. शिष्याच्या आतड्याचा रोगट भाग शस्त्रक्रियेनं काढला होता. जीव वाचला, पण चार घास पोटात गेले की त्याला तातडीनं उठावं लागे. दूध तर सोसतच नसे. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हा मात्र लोकलज्जेनं चारचौघांत जेवणंच टाळू लागला आणि वाळत चालला. त्या दिवशी आचार्यांनीच त्याला आग्रहानं आणलं.

व्यापाऱ्यानं त्याला अगदी आत, भिंतीशी बसवलं. वरणभाताचे चार घास होतात न होतात तोच तो कासावीस होऊन उठला, पानं चुकवत बाहेर धावला. व्यापारी म्हणाला, "आमच्या अन्नात खोट आहे, की या पोटाला रीतभात नाही?" सारी पंगत हसली.

आचार्य भरल्या पानावरून उठले. शिष्याचं उष्टं पान त्यांनी स्वतःच्या हातांनी उचललं, दाराजवळ नेऊन ठेवलं, शेजारी आपलं मांडलं. व्यापारी गडबडला. म्हणाला, "महाराज, तुम्ही उष्टं उचलता? पंगत मोडली की हो."

"पंगत तू मोडलीस, त्याला हसलास तेव्हाच," आचार्य संतापून म्हणाले. "कापून सांधलेलं आतडं तान्ह्या लेकरासारखं नव्यानं शिकतंय. दूध त्याला सोसत नाही, थोडं थोडंच पेलतं. तान्ह्यानं दुपटं भिजवलं, तर त्याची रीतभात काढतोस का रे? रोगाला याची भूक नेता आली नाही. ती तुमच्या हसण्यानं नेली."

शिष्य परतला तो खाली मान घालून, निरोप घ्यायलाच. दाराशी आपलं पान पाहून थबकला. व्यापाऱ्यानं त्याच्या पानावरची बासुंदीची वाटी उचलली, मऊ भात थोडासा वाढला आणि हळूच म्हणाला, "उरलेला झाकून ठेवतो. मग घ्या."

शिष्य बसला. मध्ये पुन्हा एकदा उठला, तेव्हा कुणीच वर पाहिलं नाही. परत येऊन त्यानं झाकलेला भात मागून घेतला.

बायांनो, तुमच्याकडे पंगत बसेल तेव्हा एक पान दाराजवळ मांडा. त्यावरचं माणूस उठलं, तर तेवढं अन्न झाकून ठेवा. एवढं कराच.