पाण्याच्या उलट्या वाटेनं

“...पण लोकांना लाज वाटेल कशी, बाबा? तेवढंच सांगा.”

विश्राम तासगावकर घाटाच्या पायरीवर बसून विचारत होता. चार वर्षं तो कमळजा नदीच्या मागे लागला होता. दर रविवारी दोनशे माणसं गोळा करायची, गाळ उपसायचा, प्लास्टिक वेचायचं. शहरात त्याचं नाव झालं होतं, शाळा-कॉलेजांत त्याची भाषणं होत. सोमवारी मात्र नदी काळी ती काळीच.

समोर तरीबाबा होते. तरुणपणी ते इथेच होडी चालवत, माणसांना पैलतीरी पोचवत. पुढे पूल झाला, होडी गेली. बाबा घाट सोडून गेले नाहीत. देवळाच्या ओवरीत राहिले, आणि हळूहळू लोक त्यांच्याकडे मनातलं विचारायला येऊ लागले.

विश्रामनं आपले सगळे उपाय सांगितले. पाट्या, दंड, पथनाट्यं. शेवटी एक जालीम उपाय केला, म्हणाला. ओढ्याकाठच्या वस्तीतली शेवंता नावाची बाई लोकांच्या गोधड्या घाटावर आणून धुवायची. त्यानं तिचा फोटो काढून वर्तमानपत्रात छापून आणला. खाली ओळ घातली, ‘नदीची मारेकरीण’. त्या दिवसापासून ती घाटावर फिरकली नव्हती.

“एकीला तरी लाज वाटली,” तो म्हणाला.

घाटाच्या वरच्या अंगाला तो ओढा नदीला मिळत होता. त्यावर बोटभर फेस होता. बाबांनी हनुवटीनं तिकडे दाखवलं.

“हा फेस कुठून येतो?”

“वस्तीतून. सगळ्यांना माहीत आहे.”

“तू पाहिलंस?”

...

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्राम गमबूट चढवून ओढ्याच्या पात्रातून उलटा चालू लागला. बाबांनी विचारलं म्हणून निघाला होता, पण मनातून चिडलाच होता. आपण नदीचे नकाशे काढलेली माणसं, आपल्याला ओढा काय दाखवायचा?

वस्ती आली. पत्र्यांच्या मागून ओढा जात होता. विश्राम वस्तीच्या वरच्या टोकाला पोचला आणि थांबला. पाणी तिथेही तितकंच काळं होतं. फेसही तेवढाच.

एका दारात शेवंता तांदूळ निवडत बसली होती. त्यानं तिला ओळखलं, आणि तिनं त्याला ओळखलं नसावं अशी मनोमन आशा केली. पाणी कुठून येतं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, वरून येतं. सकाळी आठ-नऊला सगळ्यात जास्त, मोठ्या घरांतल्या आंघोळी आणि भांडी उरकतात तेव्हा. पुढे चिखल खोल आहे, भिंतीच्या कडेनं जा, असंही तिनं सांगितलं.

तो भिंतीच्या कडेनं गेला. शाळेचं मैदान मागे पडलं, बसचा डेपो मागे पडला. ओढा रस्त्याखालच्या मोरीत शिरला आणि पलीकडे एका उंच कुंपणाशी संपला. कुंपणाला हातभर रुंदीचा पाइप होता. त्यातून पाणी धो धो पडत होतं.

कुंपण फिक्या पिवळ्या रंगाचं होतं. तो रंग विश्रामनंच निवडला होता.

वरून कुणीतरी डोकावलं. सोसायटीचा वॉचमन. त्यानं सवयीनं सलाम ठोकला.

“साहेब, आज मागच्या बाजूनं?”

विश्रामला तीन वर्षांपूर्वीची सोसायटीची बैठक आठवली. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र फार आवाज करतं, वास मारतं, अशी तक्रार होती. पहिली तक्रार त्याच्याच घरची. तो सोसायटीचा अध्यक्ष. यंत्र तात्पुरतं बंद ठेवू, तोवर पाणी मागे सोडू, असं ठरलं आणि खाली त्यानं सही केली. त्याच संध्याकाळी नदीवर भाषण होतं, म्हणून तो घाईत होता.

त्यानं कुणापासून काही लपवलं नव्हतं. तो विसरून गेला होता. हेच त्याला जास्त लागलं.

परतताना तो शेवंताच्या दाराशी थांबला. तिनं न विचारता तांब्या भरून पुढे केला. त्याला तो घेववेना.

“बाई, तो फोटो मी काढला होता.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्यानंतर गोधड्या कुणी देत नाही.”

एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

...

संध्याकाळी तो घाटावर आला. पिवळं कुंपण, सही, गोधड्या, सगळं त्यानं बाबांना सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही.

बोलणं संपलं तसा विश्राम एकदम उठला. त्यानं बूट काढले, सदरा काढला आणि तो पायऱ्या उतरू लागला. त्या पाण्यात आंघोळीला उतरायला कुणी धजावत नसे. पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत.

“काय करतोस?”

“एक डुबकी, बाबा. याच पाण्यात.” तो आणखी एक पायरी उतरला. “माझ्या अंगावरचं हे सगळं जाऊ दे. त्याशिवाय मला झोप लागायची नाही.”

बाबा सावकाश पायऱ्या उतरले, पाण्यात आले. त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्या वयातही पकड वल्ह्यावरची होती.

“आता हेही नदीतच सोडणार?”