लोहाराची ओली भिंत

एका गावात एक लोहार होता, आणि त्याच्या हाताला भारी घाई होती. भैरू त्याचं नाव. घाई हा काही त्याचा अवगुण नव्हता बरं का. लोहाराला ती लागतेच. लोखंड भट्टीतून लाल होऊन निघतं आणि लाल असतं तेवढ्यातच त्याला वाकवावं लागतं. जरा उशीर झाला की ते काळं पडतं, मग घण नुसताच वर-खाली होतो. भैरूने उभा जन्म हेच केलं होतं. घाव घालायचा आणि काय झालं ते तिथल्या तिथे बघायचं. त्यामुळे तो जेवायलासुद्धा धड बसत नसे. देवळात आरती लांबली तर सगळ्यांच्या आधी त्याचे पाय बाहेर पडत. भैरू आला म्हणजे निघालाच समजा, अशी गावात त्याची थट्टा चालायची.

त्याची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक लेक हौसा, ती पलीकडच्या गावी दिलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं आणि भैरूला आभाळ ठेंगणं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. त्याच्या थोरल्या बहिणीने, भागाक्काने, लेकीची उठबस करायला येऊन राहायचं कबूल केलं. सगळं जमून आलं होतं. पण भैरू डोहाळजेवणाला गेला तेव्हा हौसाच्या सासूने, अनसाबाईंनी, त्याला बाजूला घेतलं. पोरीला तुमच्याकडे पाठवायला माझा जीव धजत नाही, असं त्या म्हणाल्या. बाळंतिणीची म्हणून जी आतली खोली तुम्ही सांगता, ती भट्टीला लागून आहे, तिच्या भिंती काजळीने काळ्याठिक्कर पडल्यात, मग तान्ह्या लेकराने डोळे उघडायचे ते त्या काळोखात का?

अनसाबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्यांना खाष्ट सासू ठरवून मोकळे व्हाल. त्यांचं बोलणं खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच भैरूच्या काळजाला लागलं.

"खोली पांढरीशुभ्र करतो," तो म्हणाला. "अमावास्येला येऊन बघा. मनाला नाही आलं, तर हौसाला इथंच ठेवून घ्या. मी चकार शब्द काढणार नाही."

बोलून बसला खरा. दाराआड हौसा ऐकत होती. तिला आईच्या घरी जायचं होतं, आई राहिली नव्हती म्हणून तर जास्तच. बाप निघाला तेव्हा ती दाराशी येऊन त्याच्याकडे बघत राहिली. ते बघणं भैरूने वाटभर बरोबर आणलं.

गावातला रंगारी लग्नसराईत अडकला होता. भैरूने त्याची वाट बघितली असती तर तो भैरू कसला! घण उचलणाऱ्याला कुंचा काय जड आहे, असं म्हणून त्याने बाजारातून कळीचा चुना आणला आणि पिपात पाण्यात सोडला. चुना खदखदून उकळायला लागला, वाफा निघाल्या. हे भैरूला फार आवडलं. त्याला वाटलं, हे काम आपल्याच जातकुळीचं दिसतंय.

आधी काजळी घासायला हवी, एवढं त्याला ठाऊक होतं. दारामागचा कोपरा त्याने नारळाच्या शेंडीने घासघासून धुतला. काळं पाणी ओघळून पायापर्यंत आलं. एवढासा कोपरा आणि एवढा वेळ! सगळी खोली अशी कोण घासत बसतो, असं म्हणून त्याने शेंडी भिरकावली आणि थेट कुंचा चुन्यात बुडवला.

पहिला हात मारला. भिंत काळीच. नुसतं पाणी शिंपडल्यासारखी ओली झाली, बाकी काही नाही. दुसरा हात मारला, तरी तेच. भैरूचा पारा चढला. दुकानदाराने फसवलं, असं त्याच्या मनाने घेतलं. मग त्याने पिपाच्या तळाचा दह्यासारखा घट्ट चुना काढला आणि भिंतीवर थापायला सुरुवात केली. थापला, पुन्हा थापला, त्याच्यावर आणखी थापला. दिवस मावळता मावळता भिंती पांढऱ्या दिसायला लागल्या, तेव्हा कुठे त्याचा जीव थंड झाला. दारामागच्या कोपऱ्यापर्यंत पोचला तर चुना संपलेला. कुंचा धुतलेलं पाणी तेवढं बादलीत होतं. तेच त्याने त्या कोपऱ्यावर फिरवलं आणि अंग टाकलं.

सकाळी दार उघडतो तो काय? सगळा चुना तडकून खाली आला होता. जमिनीवर पापडांसारखे तुकडे पसरले होते आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला काजळी चिकटलेली. भिंती होत्या तशा काळ्या, वर कोड आल्यासारखे डाग. भैरूने बादलीला लाथ घातली. दुकानदाराला, चुन्याला आणि शेवटी स्वतःला शिव्या घातल्या. हौसा आता सासरीच बाळंत होणार आणि तिला बघायला आपण पाहुण्यासारखं जायचं, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्याला रडूच कोसळलं.

कुणी बघू नये म्हणून त्याने आतून दार लोटून घेतलं. दार मिटलं तसा दारामागचा कोपरा उघडा पडला.

तो कोपरा पांढरा होता. साधासुधा पांढरा नव्हे. झरोक्यातून ऊन आत आलं होतं आणि तो कोपरा असा उजळला होता की भैरूचे डोळे दिपले. रडायचं विसरून तो पुढे झाला. बोट लावून बघितलं, बोटाला काही लागलं नाही. नखाने खरवडलं, निघालं नाही. काल इथे आपण पाणी फिरवलं होतं, नुसतं पाणी! कुणी ठोकलं नाही, कुणी भाता ओढला नाही, कुणी जागं राहिलं नाही. आपण घोरत पडलो होतो आणि अंधारात, कुणाला न सांगता, हे एवढं काम झालं. लाल लोखंड बघून ज्याच्या डोळ्याचं पातं लवत नसे, तो भैरू त्या हातभर कोपऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

त्याच दिवशी भागाक्का येऊन थडकली. जमिनीवरचा पसारा बघून तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, दर दिवाळीला तुझ्या बायकोने ही खोली पांढरी केली, तेव्हा तू कुठे होतास रे? भैरू भट्टीवर असायचा. त्याने फक्त झालेली खोली बघितली होती. भागाक्काने सांगितलं की ती आधी काजळी धुवायची, मग भिंत भिजवायची, चुना ताकासारखा पातळ करून एकच हात मारायची आणि दाराला कडी घालून शेताला निघून जायची. बघत बसलं की हात शिवशिवतो, असं म्हणायची. आणि त्या दिवसांत भट्टी पेटवू द्यायची नाही, भिंत तापली की चुना धरत नाही म्हणून.

भैरूला ते आठवलं. दिवाळीआधी ती भट्टी बंद करायला लावायची आणि आपण तिच्यावर चिडायचो.

त्याने भट्टी विझवली. पेरणीच्या तोंडावर लोक फाळ घेऊन येत आणि हात हलवत परत जात. कुरकुर झाली, ती त्याने ऐकून घेतली. शेंडी घेऊन तो भिंतीला भिडला. घासता घासता एके ठिकाणी जुन्या चुन्याचा टवका उडाला. त्याने तो उचलून उजेडात धरला. आत पापुद्रे होते, कांद्याचे असतात तसे, एकाखाली एक, एकाखाली एक. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक दिवाळी. एवढी वर्षं बायको या भिंतीशी बोलत होती आणि आपण पलीकडे लोखंड बडवत होतो. भैरूने ते पापुद्रे खरवडले नाहीत. वरची काजळी तेवढी धुतली.

मग रोज सकाळी एक हात. पातळ. मारला की कडी. पहिल्या दिवशी तर त्याने कडी घातली आणि दाराबाहेर येरझाऱ्या घालून अंगण झिजवलं. भागाक्काने शेवटी त्याला लसूण सोलायला बसवलं. पण दुसऱ्या सकाळी खोली उजळलेली दिसायची आणि भैरू दर वेळी नव्याने तोंडात बोट घालायचा. कालची भिंत कुठे गेली आणि ही कुठून आली! हळूहळू त्याच्या येरझाऱ्या कमी झाल्या.

अमावास्येच्या दिवशी शेवटचा हात मारायचा होता. समोरच्या भिंतीतून काजळीचा पिवळा डाग अजून डोकावत होता. भैरूने पहाटे उठून चारी भिंती भिजवल्या, चुना मारला. अनसाबाई दुपारी येतील असा त्याचा हिशेब. पण त्यांना वाटेत बैलगाडी मिळाली आणि त्या न्याहारीच्या वेळेलाच दारात उभ्या राहिल्या.

आणि ओली भिंत कशी दिसते, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. वरचा चुना पाण्यासारखा, त्याखालून सगळे डाग वर आलेले. खोली मळकट, करडी, अंधारी दिसत होती. अनसाबाई उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला.

भागाक्का घाबरली. तिने भैरूला कोपर मारलं आणि त्याच्या कानात पुटपुटली की पिपात घट्ट चुना आहे, निदान समोरची भिंत तरी झाकून घे, आजचा दिवस निभावून ने, उद्याचं उद्या बघू. भैरूने कुंचा उचलला. हाताला सवय होती. एक घट्ट हात, की लगेच पांढरं. विहीणबाई हो म्हणतील आणि लेक घरी येईल. मग ते तडकून बाळंतिणीच्या अंगावर पडलं तर? त्याने कुंचा पुन्हा बादलीत ठेवला.

"विहीणबाई, भिंत ओली आहे," तो म्हणाला. "आत्ता ती काही दाखवायची नाही. बसा. सुकली की बघा, मग काय ते ठरवा."

त्याने उंबऱ्याशी घोंगडं अंथरलं आणि स्वतःही बसला. हातावर हात ठेवून बसला! चुन्याची बादली हाताशीच होती, पण तो उठला नाही. चहा आला, चहा संपला. अनसाबाई सारख्या बाहेरच्या गाडीकडे बघत होत्या. आता ह्या उठतात आणि निघतात, असं क्षणोक्षणी वाटत होतं.

ऊन झरोक्यातून आत आलं. आधी वरच्या कडेला एक फिकट पट्टा उमटला. खरा की भास, हे कळेना. मग तो खाली सरकू लागला. पांढरं कुणी लावत नव्हतं, ते भिंतीतूनच वर येत होतं. पिवळा डाग आधी पुसट झाला, मग नुसता तिथे होता असं वाटावं एवढाच राहिला, मग तोही गेला. एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडला आणि तीही खुलली. खोलीतला अंधार सगळा कोपऱ्यात जमा झाला आणि कोपऱ्यातूनही गेला. भागाक्काच्या हातातली कपबशी हातातच राहिली. अनसाबाईंनी नकळत डोक्यावरचा पदर सावरला, देवळात शिरताना सावरतात तसा. भैरूने हे कधी होताना बघितलंच नव्हतं. तो तोंड उघडं टाकून बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

अनसाबाई भैरूकडे वळल्या.

"पाव्हणं, काजळीचं मी बोलले, ते खरंच होतं. पण मला खरी धास्ती तुमची होती. बाळंतपणात दुसरं काय असतं? थांबायचं असतं. पोरगी दिवसभर कळा देईल, रात्रभर देईल. तिथं दाराशी घायकुतीला येणारं माणूस नको असतं. आज तुम्ही बसलात." त्या उठल्या. "बोला, हौसाला न्यायला कधी येताय? आजच चला, गाडी उभी आहे."

भागाक्काला वाटलं, हा आता चप्पलसुद्धा न घालता धावणार. भैरूने भिंतीला हलकेच तळहात लावून बघितला.

"अजून गार लागतेय," तो म्हणाला. "पुरती वाळू दे. परवा येतो."

तात्पर्य: नीट केलेलं काम लगेच दिसलं नाही, म्हणून त्यावर घाईने थापाथापी करू नये, हात राखून त्याला त्याचा वेळ देणं, हाही कामाचाच भाग असतो.