बावीस फोन

“…मग किल्ली मला का नाही, चाचा?”

केतकी उपळेकरने हा प्रश्न त्या महिन्यात तिसऱ्यांदा विचारला होता.

दस्तगीर शिकलगार बशीत चहा ओतत होते. विद्यापीठाच्या टेलिफोनच्या तारा ओढण्यापासून त्यांची नोकरी सुरू झाली. पुढे कॉम्प्युटर आले, तारांची जात बदलली, चाचा होते तिथेच राहिले. टेकडीवरच्या एकोणीस इमारतींचं नेटवर्क ज्या एका खोलीतून निघायचं, त्या खोलीची किल्ली त्यांच्या पट्ट्याला लटकलेली असायची. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, आणि किल्ली कुणाला द्यायची हे वरच्यांनी त्यांच्यावरच सोडलं होतं.

केतकीला ती हवी होती. हवी कसली, जीव अडकला होता तिचा त्या किल्लीत. आणि पोरगी हुशार, त्यात वाद नाही. चाचांच्या हाताखाली आल्यापासून वर्षभरात तिने प्रत्येक इमारतीतली जळमटं काढली, वायरींना नंबर दिले, भिंतीवर भलामोठा पडदा लावून एकोणीस हिरवे ठिपके मांडले. प्रत्येक विभागात छापील कागदही चिकटवला: ‘फोन करण्यापूर्वी नियम एक ते नऊ वाचावेत.’

“तुमच्या वेळी दिवसाला वीस-वीस तक्रारी यायच्या,” ती म्हणाली. “आता दोन. कधी कधी तर एकही नाही.”

चाचांचा हात थांबला.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“अरे बापरे,” म्हणत चाचांनी चहा न पिताच बशी खाली ठेवली.

केतकीला मनस्वी राग आला. दोन शब्द कौतुकाचे बोलायला म्हाताऱ्याचं काय जातं?

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी साडेदहाला पडद्यावरचे एकोणीसही ठिपके लाल झाले. पाठोपाठ पडदाच गेला.

परीक्षेची हॉल तिकिटं द्यायचा दिवस होता. खिडकीपुढची रांग जिना उतरून पार वडापर्यंत गेली होती. केतकीने किल्ली मागून घेतली, मुख्य खोलीत शिरली आणि एकेका इमारतीची वायर उपसून बघू लागली. चाचा शेजारी स्टुलावर बसून होते. चौदावी वायर निघाली आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं.

“वनस्पतीशास्त्र,” ती घाम पुसत म्हणाली. “पन्नास मिनिटं गेली.”

दोघं तिकडे चालत गेले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात नेटवर्कचा एक जुना डबा होता. त्यात एका पिवळ्या वायरीची दोन्ही टोकं खोचलेली दिसली. आता एकाच डब्यात दोन्ही टोकं गेली की आत आलेला निरोप बाहेर पडतच नाही. गावात उठलेली आवई गल्लीतल्या गल्लीत फिरून दसपट होते, तसं होतं आणि सगळं गाव बसतं. नवे डबे हे ओळखतात. हा जुना होता.

केतकीने वायर हिसकून काढली.

“कुणी लावली ही?”

दाराशी हौसाबाई लोखंडे उभ्या होत्या, रोजंदारीवर झाडलोट करणाऱ्या. त्या आपल्या चपलांकडे बघत होत्या.

“हौसाबाई,” चाचा म्हणाले, “चहा टाका की जरा.”

चहा झाला. चाचांनी अर्धा प्यायला, कुंडीतल्या कुठल्याशा रोपाची चौकशी केली, हौसाबाईंच्या नातवाच्या दातांचीही केली. केतकी उभीच होती.

“मीच लावली, चाचा,” हौसाबाई एकदम म्हणाल्या. “ह्या मॅडमच म्हनल्या व्हत्या, एक वायर लोंबताना दिसायला नको. सकाळी झाडताना दिसली. भोक रिकामं व्हतं, बसवली.”

“आणि मग?”

“मग डब्याचे दिवे येड्यावानी लुकलुकायला लागले. तवाच कळलं, कायतरी बिघाडलं.”

“तेव्हाच कळलं?” केतकीचा आवाज चढला. “मग फोन का नाही केला मला? पन्नास मिनिटं पोरं उन्हात उभी होती.”

हौसाबाईंनी पदराने कप धरला.

“मागल्या म्हैन्यात केला व्हता की. तुमी म्हनलात, एवढ्याशासाठी फोन करतात का?”

चाचांनी उरलेला चहा प्यायला. केतकीला आपलेच शब्द आठवले, आवाजासकट. आणि आठवलं, की लोंबणारी ती पिवळी वायरही सोमवारी डब्यावरची धूळ काढताना तिनेच अर्धवट सोडली होती.

दुपारी कुलसचिवांचं पत्र आलं. चूक कोणाची, नाव लेखी कळवा. रोजंदारीवरच्या बाईचं नाव कळवलं की पुढे काय होणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. आणि स्वतःचं कळवलं तर किल्ली गेलीच समजायची, हे केतकीला ठाऊक होतं.

ती बराच वेळ कोऱ्या कागदापुढे बसली. मग लिहिलं: ‘वायर मी सोडली होती. ती लावण्याची सूचनाही माझीच. केतकी उपळेकर.’

चाचांनी कागद वाचला, घडी घातली, पाकिटात सरकवला.

कुलसचिवांची बोलणी खाऊन बाहेर आल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. उलट हलकंच वाटलं, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ती एकोणीस इमारती पायी फिरली. नऊ नियमांचे कागद काढले आणि जागोजागी हाताने लिहून लावलं: ‘काहीही वेगळं वाटलं तर फोन करा. उगाच केला तरी चालेल.’ जिथे चहा मिळाला तिथे प्यायली. साखर बऱ्याच ठिकाणी जास्त होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चाचा आपला जेवणाचा डबा, चष्मा आणि एक जुनी पक्कड पिशवीत भरत होते. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. केतकी दमून खुर्चीत बसली. पायाला धूळ, केसात कोळिष्टक.

“कुठे होतीस?”

“वनस्पतीशास्त्रात. हौसामावशींचा फोन होता. म्हणाल्या, दिवा हिरवाच आहे, पण आज जरा फिका वाटतोय.”

“मग?”

“दिव्यावर धूळ होती. पुसली.” तिला हसू आलं. “तेवढ्यासाठी टेकडी चढून गेले, चाचा. आणि गंमत म्हणजे, मागे पंख्याजवळ एक वायर तापत होती. तीही बदलली.”

टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. ग्रंथालयातून कुणीतरी विचारत होतं की, डब्यातून बारीक आवाज येतोय, तो नेहमीचाच ना? केतकीने सगळं ऐकून घेतलं, “येते बघायला,” म्हणाली आणि फोन ठेवून कपाळ चोळलं.

“आज किती झाले?” चाचांनी विचारलं.

ती किल्लीचं केव्हाच विसरली होती. जरा वरमूनच म्हणाली, “हा धरून बावीस…”

चाचांनी पट्ट्याची किल्ली सोडवली, फोनशेजारी ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली.

“मग चाललो मी घरी.”