वाकी नदीचा मुराळी

एक होता राजा. त्याला मेलं सगळं सरळ लागायचं. रस्ते सरळ, झाडं सरळ, लोकांचे भांगसुद्धा सरळ! हसू नका, खरंच सांगतेय. त्याची एकुलती एक लेक सोनकी. तिला नदीचं भारी वेड. तरंगायला पाठीला वाळका भोपळा बांधायची की धपकन पाण्यात! मग घरची आठवण कुणाला?

पण नदीचं नाव वाकी. इथे वळ, तिथे मुरड. राजा म्हणाला, "हिला सरळ करा रे!" मग काय, लोकांनी खणून खणून तिचा सरळसोट पाट केला. नदी अशी रागावली! तणतणत गेली ती थेट समुद्राकडे, आपल्या सासरी, आणि बसली रुसून. मागे उरले नुसते दगडगोटे. गाईगुरं हंबरायला लागली. सोनकी तर रडून रडून अर्धी झाली.

मग राजाने मुराळी धाडला. मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो, बरं का. आधी सेनापती गेला. घोड्यावरूनच ओरडला, "चल, आटप!" नदी जागची हलली नाही. मग प्रधान गेला. म्हणाला, "राजाचा हुकूम आहे." अगं बाई, हुकमाने कुठे माहेरपण होतं? नदीने तोंड फिरवलं.

मग सोनकीच निघाली. समुद्राच्या पाया पडली, नदीजवळ निवांत बसली. म्हणाली, "वाकीताई, खेळत खेळत जाऊ या?" नदी खुदकन हसली.

मग दोघी निघाल्या. सोनकीने उडी मारली, तिथे डोह झाला. भाकरी खायला टेकली, तिथे वाळूचं बेट झालं. एक म्हातारी म्हणाली, "पोरींनो, ताक पिऊन जा गं!" मग नदी वळली तिच्या परसदाराशी. आणि काठाकाठाने पोरं डुंबायला लागली.

राजा वेशीवरच उभा होता. "अगं, इतकी वाकडी कशी आणलीस?"

"बाबा, माहेरी आलेली लेक कधी सरळ घरी येते का? चार घरी डोकावूनच येते."

आपलीही लेक एक दिवस जायची, हे राजाच्या मनात आलं न् डोळेच भरले. म्हणाला, "तुला आणायला मी स्वतः येईन हो. आणि घाई करणार नाही."

मग सगळी सुखाने राहिली, पोटभर डुंबली. तुम्हीही राहा. चला, मिटा डोळे.