सैल घड्याळ

फार जुनी गोष्ट नाही. घड्याळं नुसती वेळ सांगायची सोडून माणसाची नाडीही सांगू लागली, तेव्हाची.

मालिनीताई खांबेट्यांच्या मनगटावर असंच एक नवं घड्याळ आलं. ताईंनी ते पाटलीसारखं सैल घातलं. हाडावरून मागेपुढे मिरवायला घड्याळाला आवडायचं. शेजारच्या पाटलीने कधीही विचारलं, "किती ठोके?" की ते तत्काळ आकडा फेकायचं. ठोका ऐकू आला नाही, तर जो दणका जाणवेल तो मोजायचं. कारण गप्प बसणं त्याला कमीपणाचं वाटे.

एकदा ताई टेकडी चढत होत्या. घड्याळाने पावलांचे दणके मोजले आणि दाखवलं, एकशे दहा. अजून पुष्कळ दम आहे असं समजून ताईंनी भराभर पाय उचलले, आणि वळणावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या मटकन खाली बसल्या.

सोबतच्या परवीनबाई निवृत्त नर्स. त्यांनी ताईंच्या मानेला बोटं लावून ठोके मोजले.

"एकशे सत्तर! अहो ताई, हे घड्याळ तुमची पावलं मोजतंय. बांगडी आहे का ही, सैल घालायला?"

ताईंचा श्वास जागेवर आल्यावर त्यांनी घड्याळ हाडाच्या दोन बोटं वर सरकवलं आणि पट्टा आवळला.

घड्याळ घुसमटलं, चिडलं. मग कातडीखालून काहीतरी धावताना त्याला जाणवलं. इतके दिवस ते याच्याच नावाने आकडे फेकत होतं.

"किती ठोके?" पाटलीने विचारलं.

"थांब जरा," घड्याळ म्हणालं. "ऐकू दे."