टाकीच्या झाकणाची भीड

हे कुणाला सांगू नकोस, असं सुहासकाकांच्या हत्यारपेटीतल्या पान्याने मला बजावलं होतं. पूर्वी आमच्या किनाऱ्यावर काकांची जुनी एटीव्ही, म्हणजे जाड चाकांची छोटी चारचाकी, दहा मिनिटं वाळूत पळायची आणि बंद पडायची. शेवटी एक दिवस काका ती उघडून बसले; त्या दिवशी ती घरी दुरुस्त झाली नाही, तर भंगारात जाणार होती.

“दोष इंजिनातल्या स्पार्क प्लगचाच,” पाना म्हणाला.

“दादा, मी इथला तिसरा प्लग; आधीचे दोन बदलूनही गाडी बंदच पडते,” प्लग म्हणाला. “जरा टाकीच्या झाकणाला विचारा.”

झाकण पुटपुटलं, “खारी हवा लागू नये म्हणून काकांनी मायेने मला प्लास्टिक बांधलंय. माझ्या भोकातून टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. पण त्यांना कसं सांगू?”

काकांनी ते ऐकलं आणि हसत प्लास्टिक सोडलं. गाडी किनाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन आली.

माझी आईही रोज माझ्या कानांवरून घट्ट स्कार्फ बांधते. आज मी तिला सांगणारच आहे की तो जरा सैल... आले गं, आई.